बुडखा, शेंडा आणि खारं पाणी

टौरंगातल्या आमच्या घरी समुद्राच्या पाण्याची एक टाकी आहे आणि तिच्याखालच्या कपाटात पाणी तपासायचं सामान. सामान फार नाही. रिफ्रॅक्टोमीटर, काचेचा उभा हायड्रोमीटर, अमोनिया आणि नायट्रेट तपासायच्या थेंबांच्या बाटल्या, अल्कलिनिटीचा सिरिंजवाला डबा, पीएचची आणि टीडीएसची पेन, थर्मामीटर आणि हातानं लेबल लावलेल्या दोन बाटल्या. यातल्या प्रत्येक वस्तूची किंमत दुकानदार सांगेल. पण यातलं काय घ्यायचं, काय घ्यायचं नाही आणि घेतलेल्यावर कितपत विसंबायचं, हे मला दोन माणसांनी शिकवलं. त्यांतल्या एकानं आयुष्यात माशांची टाकी ठेवली नाही. दुसऱ्यानं ऊस फक्त चित्रात पाहिला होता. दोघांची गाठ पडली ती फोनवर, तीही माझ्यामार्फत, आणि तेव्हा दोघांनी मिळून माझी उलटतपासणीच घेतली.

पहिले लॅबकाका. नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत मी वाढले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९५०च्या सुमारास प्रवरेचा कारखाना उभा राहिला, त्यानंतर त्या पट्ट्यात जे कारखाने निघाले त्यांतला आमचा एक. वडील टाइम ऑफिसात. गळीत सुरू झालं की वसाहतीत चोवीस तास यंत्रांची घरघर, मळीचा वास आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर चिपाडाची काजळी. शाळा सुटली की आम्ही पोरं लॅबच्या मागच्या दारात जाऊन बसायचो. तिथे पंखा होता, आणि रसाचे नमुने तपासून झाले की उरलेला रस कधीकधी आमच्या वाट्याला यायचा.

लॅबकाकांचं खरं नाव वसाहतीत फार कमी जणांना ठाऊक असेल. पांढरा कोट, खिशात मलमलीचा धुवट तुकडा. शेतकी खात्याची माणसं तोडीच्या आधी उसाची कांडी घेऊन यायची आणि काका हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरायचे. आत निळा आणि पांढरा असे दोन पट्टे, त्यांची शीव जिथे पडेल तो ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांची टक्केवारी. उसात साखर आधी बुडख्याकडे साठते, शेंडा मागून पिकतो. म्हणून थेंब दोन घ्यायचे, एक बुडख्याचा आणि एक शेंड्याचा. दोन आकडे जवळ आले की ऊस तोडायला झाला. बागायतदार अर्थातच बुडख्याचंच कांडं पुढे करायचे. काका काही न बोलता शेंडा मागायचे.

त्यांच्या तीन सवयी माझ्या हाताला लागल्या त्या तिथे, वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी. काच मलमलीनं पुसायची, सदऱ्याच्या टोकानं कधीही नाही. मीटर आणि नमुना थोडा वेळ एकाच खोलीत राहू द्यायचे, कारण थंड-गरमात प्रकाश निराळा वाकतो. आणि तिसरी सवय, जिच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे म्हटलं तरी चालेल. डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य लावून झालं की काका थांबत नसत. नव्वद ग्रॅम पाण्यात दहा ग्रॅम साखर विरघळवून ठेवलेली एक बाटली असायची. तिचा थेंब टाकायचे आणि मीटर दहा दाखवतो का पाहायचे. "शून्य सगळेच दाखवतात, पोरी. दहा दाखवतो का बघ."

लग्नानंतर २०१४मध्ये आम्ही टौरंगाला आलो. नवरा बंदरावर. हे न्यूझीलंडचं सर्वांत मोठं बंदर, आणि गाव त्या मानानं लहान. इथून अर्ध्या तासाच्या अंतरावर 'ते पुके' हे गाव, म्हणजे इथल्या किवीचं माहेर. २०१०च्या नोव्हेंबरात तिथे पीएसए नावाचा जिवाणूरोग सापडला आणि पिवळ्या किवीच्या बागाच्या बागा उखडाव्या लागल्या होत्या. मी आले तोवर नव्या वाणाची कलमं जोर धरत होती आणि हंगामात माणसं लागत होती. मार्च ते जून फळांच्या तपासणी प्रयोगशाळेत मला काम मिळालं. पहिल्याच दिवशी समोर ठेवलं काय, तर रिफ्रॅक्टोमीटर. आणि रीत अशी की किवीच्या दोन्ही टोकांचा रस घ्यायचा, देठाकडचा आणि फुलाकडचा. शिकवणारी बाई कारण सांगायला लागली आणि मला हसू आवरेना. बुडखा आणि शेंडा! फक्त आकडे लहान. पक्व ऊस वीसच्या घरात, आणि हिरवी हेवर्ड किवी ६.२ला पोचली की तोडणीला मोकळी, कारण ती पुढे शीतगृहात पिकते. एका कापाचं वजन वाळवण्याआधी आणि वाळवल्यावर करून शुष्कांशही काढतात, पण माझा जीव जडला तो मीटरवर.

आता दुसरे. आम्ही माटुआ भागात भाड्यानं घर घेतलं, तिथे कुंपणापलीकडे हे आजोबा एकटे राहायचे. इथे ऐंशीच्या माणसालाही नावानं हाक मारतात आणि तसं केलं नाही तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. मला ते जमलं नाही. आमचा मुलगा त्यांना 'आजो' म्हणायला लागला, ते त्यांना कुणाचं तरी नाव वाटलं आणि आवडलं, मग मीही आजोच म्हणू लागले. त्यांची सगळी नोकरी एजकमच्या दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली होती. एजकम टौरंगाच्या पूर्वेला, रंगिताइकी नदीच्या सपाट खोऱ्यात आहे. २ मार्च १९८७च्या भूकंपात तिथल्या दुधाच्या प्रचंड स्टीलच्या टाक्या चेपल्या, कलंडल्या. त्यांचे फोटो इथे अजून छापले जातात. आजो त्या दुपारी कामावर होते. भूकंपाविषयी मात्र ते एवढंच म्हणायचे की प्रयोगशाळेतल्या साऱ्या ब्युरेटी फुटल्या.

ओळख झाली ती ब्युरेटीमुळे नाही, डोळ्यांमुळे. एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले, हातात काचेची छोटी नळी, तळाशी बोटभर पाणी. म्हणाले, "हे पिवळं आहे की हिरवं?" मी म्हटलं, पिवळं. "नक्की?" खिडकीशी नेऊन, मागे पांढरा कागद धरून पुन्हा पाहिलं. पिवळंच. त्यांना हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि फिकट पिवळा नि फिकट हिरवा यांतला फरक पुसट होतो. आणि अमोनियाच्या परीक्षणात तर सगळा जीवनमरणाचा निकाल त्या फरकावर. त्यानंतर दर आठवड्याला नळी यायची, मी रंग सांगायचे आणि ते वहीत लिहायचे. बदल्यात मला टाकी पाहायला मिळाली.

रंगीबेरंगी प्रवाळ आणि 'निमो' यांची टाकी नव्हती ती. किनाऱ्यावरच्या खडकांत ओहोटीला जी डबकी राहतात त्यांतलं एक उचलून काचेत ठेवावं, तसं तिचं रूप होतं. ट्रिपलफिन नावाचे बोटभर मासे, रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे, लाल समुद्रफुलं, तारामासे, इथे 'पुपू' म्हणतात त्या गोगलगायी आणि एक काटेरी किना (सी अर्चिन), जी माओरी लोकांची आवडीची मेजवानी. हीटर नाही. इथल्या समुद्राचं पाणी हिवाळ्यात चौदा-पंधरा अंशांवर येतं आणि उन्हाळ्यात वीस-एकविसापर्यंत चढतं. टाकीनंही तसंच चढावं-उतरावं अशी योजना. म्हणून ती घराच्या दक्षिणेच्या खोलीत होती. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं आणि दक्षिणेची खोली थंड राहते, हे माझ्या डोक्यात बसायला बराच काळ गेला.

मग आजोंनी घर विकून मुलीकडे फाकाताने गावी जायचं ठरवलं आणि टाकी मला देऊ केली. पैशांचा विषय काढला तर ऐकू न आल्यासारखं केलं. मात्र तपासणीचं सामान त्यांनी तसंच उचलून दिलं नाही. कपाट रिकामं केलं, सगळं टेबलावर मांडलं आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारायला लागले, "यानं आकडा दिला, तर तू काय करशील?" उत्तर आलं तर वस्तू माझ्या बाजूला. नाही आलं तर पेटीत.

पहिली हातात आली ती टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी, पेन. हिची ओळख मला इथे येण्याआधीपासून. आपल्याकडे आरओचा विक्रेता दारात येतो, पेन बुडवून आकडा दाखवतो आणि मग दोन दांड्यांचं यंत्र सोडून पाणी तपकिरी करून दाखवतो. तो तपकिरी रंग यंत्रातल्या लोखंडी दांड्याच्या गंजाचा. पाण्यातल्या घाणीचा नाही. पण पेन बिचारी खोटी नसते. समुद्राच्या पाण्यात तिचा उपयोग शून्य, कारण तिची मोजपट्टी तिथे कधीच संपलेली असते. टाकीतलं पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आणि जुन्या घरांतल्या तांब्याच्या नळांचं पाणी किना-गोगलगायींना सोसत नाही, म्हणून ती आरओच्या पाण्याची. त्या आरओची जाळी संपली की नाही हे पेन सांगते. "आकडा वर गेला तर जाळी बदलेन," मी म्हटलं. पेन माझी.

नायट्राइटची बाटली पेटीत गेली. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइटचा माशांना होणारा त्रास गोड्या पाण्याच्या मानानं फारच कमी असतो आणि टाकी जुनी, मुरलेली. आकडा कळून करणार काय?

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे डबे निघाले तेव्हा मात्र मी अडले, कारण ते महाग होते आणि अर्धे भरलेले. झाकणांवरच्या तारखा उलटून गेल्या होत्या, पण पेटीत जाण्याचं खरं कारण ते नव्हतं. ५ ऑक्टोबर २०११ला 'रेना' हे मालवाहू जहाज टौरंगाजवळच्या ॲस्ट्रोलेब खडकावर चढलं आणि माउंट माँगानुई, पापामोआच्या वाळूवर तेल आलं. हजारो लोक हातमोजे घालून वाळू खरवडायला उतरले, आजोही. तो काळ किनाऱ्याचं पाणी आणणं शक्य नव्हतं. त्यांनी पाकिटातलं मीठ कालवून टाकी चालवली आणि ते मीठ कसं आहे हे पाहण्यासाठी हे डबे घेतले. समुद्राचंच पाणी वापरणाऱ्याला त्यांची गरज नाही. का नाही, हे सांगताना ते पार 'चॅलेंजर' जहाजापर्यंत गेले. १८७२ ते ७६ या काळात ते जगाचे समुद्र हिंडलं, १८७४मध्ये वेलिंग्टनलाही आलं. त्यानं जमवलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमारनं तपासले आणि १८८४मध्ये दाखवून दिलं की समुद्र कमी-जास्त खारट असला तरी त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखंच असतं. किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असले तर मॅग्नेशियम १.२८ ग्रॅम आणि कॅल्शियम ०.४१ ग्रॅमच्या आसपास असणारच. खारटपणा नीट मोजला की बाकीच्यांची हजेरी घेतल्यासारखीच. पाणी नियमानं बदललं म्हणजे झालं.

"म्हणून," ते म्हणाले, "पैसे खर्च करायचे तर खारटपणावर कर."

इथे मला पहिल्यांदाच त्यांच्याशी बरोबरीनं बोलता आलं. त्यांच्याकडे हेलकावणाऱ्या काट्याचा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर होता. त्याच्या काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला की तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दाखवतो. मिठाचं पूट चढलं की उलट. तो आम्ही दोघांनी एकमतानं पेटीत घातला. काचेचा उभा हायड्रोमीटर ठेवला, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. फक्त तो कोणत्या तापमानाला आखलेला आहे हे त्याच्या देठावर वाचायचं. रोजच्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर हवा होता. आणि तो विषय माझा.

बाजारात मिळणारे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर पुष्कळदा खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकले जातात, पण आतली पट्टी साध्या मिठाच्या द्रावणाची असते, समुद्राच्या पाण्याची नव्हे. दोन्ही प्रकाश वाकवतात, पण सारखा नाही. तशा मीटरमध्ये खरं ३५चं समुद्रपाणी साडेछत्तीसच्या आसपास दिसतं. गंमत अशी की डिस्टिल्ड वॉटरवर तो मीटर अगदी चोख शून्य दाखवतो. दुकानदार शून्य दाखवूनच विकतो. मला मलमलीचा तुकडा आणि दहाची बाटली आठवली. इथे दहाच्या जागी पस्तीस हवा.

ते पस्तीस घरी करता येतं. त्याची कृती रँडी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं टाकीवाल्यांसाठी लिहून ठेवली आहे. (मूत्रपिंडाच्या रुग्णांना देतात त्या सेवेलामर या फॉस्फेट बांधणाऱ्या औषधाच्या शोधातही या गृहस्थांचा वाटा, घरी प्रवाळ पाळणारा माणूस फॉस्फेटच्या मागे लागतो याचं मला नवल नाही.) एकूण हजार ग्रॅम द्रावणात ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ, बाकी डिस्टिल्ड वॉटर. हे ३.६५ टक्क्यांचं द्रावण ३५च्या समुद्रपाण्याइतकाच प्रकाश वाकवतं. त्याचा थेंब टाकायचा आणि स्क्रू फिरवून मीटर पस्तीसवर आणायचा. शून्यावर लावलेल्या मीटरपेक्षा हा खरा, कारण मोजायचं असतं ते पस्तिसाच्या आसपास. लेबल लावलेल्या दोन बाटल्यांतली पहिली ती ही. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा त्यासाठी घ्यावा लागला, आणि नवऱ्यानं काही दिवस मला "शेठ" म्हणून हाक मारली.

द्रावण करायच्या आधी मी लॅबकाकांना फोन लावला. ते आता संगमनेरला मुलाकडे असतात, कान पक्के शाबूत. आमची संध्याकाळ, त्यांची जेवायच्या आधीची वेळ. आजो टेबलापाशी बसलेले. मी सगळं सांगितलं तर काकांनी पहिला प्रश्न केला, "तापमान किती?" मी आजोंना विचारलं, आजोंनी थर्मामीटर पाहिला, मी सांगितलं. "मीठ आयोडीनचं नाही ना? त्यात गठ्ठा होऊ नये म्हणून काहीबाही घालतात." नाही. मग आजोंनी माझ्याकरवी विचारलं की साखरेच्या मीटरवर समुद्राचं पाणी टाकलं तर काय दिसेल. काकांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, "टाकून सांग. सांगून काय टाकतेस?" माझ्याकडे जुना ब्रिक्सचा मीटर होता. थेंब टाकला. साडेचारच्या किंचित खाली. काकांनी तिकडे गणित करून ठेवलं असावं, कारण ते म्हणाले, "हां, मग तुझं पाणी बरं आहे." आजोंना हे भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी नमुना कुठून घेतला हे विचारलं. टाकीच्या वरून. "खालचाही घे," आजो म्हणाले. गोडं पाणी हलकं; नुकतीच भर घातली असेल तर वर तरंगत राहतं. फोनमधून काकांना नुसता सूर कळला असेल. "काय म्हणतायत?" मी म्हटलं, बुडखा मागतायत. काका एवढे हसले की पलीकडे सून धावत आली.

तेव्हापासून पाणी आणण्याची जागाही ठरली. माटुआतून बंदराच्या आतलं पाणी चार पावलांवर आहे, पण तिथे वाइरोआ नदी येऊन मिळते आणि पावसानंतर वरचा थर चक्क फिका असतो. आम्ही पूल ओलांडून माउंटला जातो, मोतुरिकी बेटाच्या बाहेरच्या बाजूला, भरती चढत असताना आणि दोन-तीन कोरडे दिवस गेल्यावर. त्या बाजूला मावाओ डोंगराभोवती माताइताई राखीव क्षेत्र आहे. तिथलं काय उचलावं, किती उचलावं याचे नियम माओरी कैतियाकी, म्हणजे त्या किनाऱ्याचे राखणदार, करतात. आम्ही फक्त पाणी नेतो. वीस लिटरचा कॅन साडेवीस किलो भरतो. ते वरचं अर्धं किलो म्हणजे समुद्र, असं मुलाला वाटतं, आणि मी त्याला दुरुस्त केलेलं नाही.

अमोनियाचं परीक्षण कोणतं घ्यावं यावर आजोंनी एकच विचारलं, "शून्य नाही असं दिसलं, तर?" निम्मं पाणी बदलेन, मेलेलं काही आहे का शोधेन, खाणं थांबवेन. "०.२५ दिसलं तर वेगळं करशील? ०.५ला?" नाही, तेच. मग त्याला अचूकता कशाला? साधा थेंबांचा संच पुरे, एपीआयचा घेतला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत बॉयलरच्या पाण्याचं असंच एक परीक्षण चालायचं. अल्फा नॅफ्थॉल आणि आम्ल घालून नळीत जांभळं कडं दिसलं की पाण्यात साखर उतरली, आणि कडं फिकं की गडद याची चर्चा न करता पाळीवाला धावत जाऊन ते पाणी तोडायचा. अमोनियाची नळी ही त्या कड्याची बहीण. फक्त ती दिवसाच्या उजेडात पाहायची. ट्यूबलाइटखाली पिवळ्याचंही हिरवं होतं.

नायट्रेटच्या संचाची दोन नंबरची बाटली मात्र जोरात झटकावी लागते, चांगली अर्धा मिनिट, नळी पुढे मिनिटभर, आणि मग पाच मिनिटं वाट. तळाशी बसलेली पूड वर आली नाही तर पाणी कायम निर्मळ दिसतं, आणि माणूस खूष. हे काम मुलाचं.

पीएचच्या पेनीवर आमचं थोडं वाजलं. मला ती अनावश्यक वाटत होती. आजोंनी हिवाळ्यातली एक गोष्ट दाखवली. खिडक्या बंद, हीट पंप चालू, घरात चार माणसं श्वास सोडतायत. टाकीचा पीएच ७.८पर्यंत उतरलेला. त्यांनी पेलाभर पाणी घेतलं, मागच्या अंगणात त्यात हवेची नळी सोडली आणि तासाभरानं मोजलं. वर गेलेला. म्हणजे टाकीत खोट नव्हती, खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला होता. "मग काय करशील?" खिडकी उघडेन. "आणि पावडर?" दुकानात पीएच वाढवायची पावडर मिळते, ती नाही टाकणार. पेन माझ्या बाजूला आली, सोबत ७ आणि १०ची बफर पाकिटं आणि एक ताकीद, की तिचं टोक डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचं नाही, साठवणीच्या द्रावणातच ठेवायचं.

अल्कलिनिटीला, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या ताकदीला, त्यांनी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण ते त्यांचं आयुष्यभराचं काम होतं, फक्त उलटं. दुधाची आम्लता काढताना दुधात फिनॉल्फ्थॅलीन घालून कॉस्टिकचे थेंब सोडायचे, फिकट गुलाबी झटका आला की थांबायचं. इथे चार मिलीलिटर समुद्रपाण्यात दोन थेंब दर्शक घालून सिरिंजमधून आम्ल सोडायचं, निळसर हिरव्याचं नारिंगी-गुलाबी झालं की थांबायचं. शंख आणि कवचं करणारे जीव हेच पाण्यातून ओढून घेतात, म्हणून दोन पाणीबदलांच्या मध्ये बदलतं ते हेच. समुद्रात ते साधारण साडेसहा ते सात डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक) असतं. आजोंकडे आकडा दाखवणारा हॅनाचा छोटा चेकर होता, मोतीबिंदू वाढल्यावर घेतलेला. चांगलं यंत्र, त्याच्या काचेच्या बाटलीवर बोटाचा ठसा राहिला तर मात्र ते ठशाचीही अल्कलिनिटी सांगतं. मला वाटलं तो मला मिळणार. तो त्यांनी पेटीत घातला. "तुझे डोळे चांगले आहेत. थेंब सोडायला शीक. तो रंग उलटताना पाहिला नाहीस तर आकडा म्हणजे काय ते तुला कळणार नाही." सॅलिफर्टचा सिरिंजवाला डबा घ्यायला लावला आणि शेजारी बसून माझ्याकडून इतक्या वेळा करवून घेतला की शेवटच्या थेंबाच्या आधी हात आपोआप हळू व्हायला लागला.

दुसरी लेबलवाली बाटली त्या डब्याची साक्षीदार आहे. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ०.२१ ग्रॅम खायचा सोडा घातला की बरोबर सात डीकेएच होतं. एवढीशी चिमूट नीट तोलता येत नाही, म्हणून २.१ ग्रॅमचं लिटर करायचं आणि त्यातलं शंभर मिलीलिटर पुन्हा लिटरभर करायचं. नवा डबा आला की आधी या बाटलीवर सात दाखवतो का पाहायचं. ही युक्ती आजोंनी सांगितली, पण सांगताना म्हणाले, "तुझ्या साखरवाल्या काकांची." मी ती गोष्ट त्यांना त्या फोनच्या दिवशी सांगितली होती.

आजोंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फाकातानेला गेल्यावर झाली. आता रविवारी फोन येतो, पहिला प्रश्न अल्कलिनिटीचा, मग मुलाच्या अभ्यासाचा. काकांचा प्रश्न अजून तापमानाचाच असतो. दोघांना मी काही परत देऊ शकले असं नाही. काकांना एकदा किवीचा डबा पाठवायचा विचार केला, पण ताजी फळं अशी पाठवता येत नाहीत, मग एक ब्रिक्सचा नवा मीटर पाठवला. त्यांनी तो साखरेच्या पाण्यावर तपासला, ९.८ दाखवतो म्हणून कळवलं आणि वर 'चालेल' असं लिहिलं. आजोंना लिंबाचं गोड लोणचं नेलं होतं. त्यांनी त्याचा ब्रिक्स विचारला.

मला आता चाळिशी लागली आहे. नारिंगी नि गुलाबी अजून ओळखू येतात, पण सिरिंजवरच्या रेघा चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि दुकानात गेले की हॅनाच्या चेकरपाशी पाय रेंगाळतो.

गेल्या महिन्यात पापामोआचं एक तरुण मराठी जोडपं आलं. त्यांना प्रवाळांची गरम पाण्याची टाकी करायची आहे. न्यूझीलंडात जिवंत प्रवाळ बाहेरून आणण्यावर कडक बंधनं आहेत आणि इथले समुद्रातले खडकी प्रवाळ वन्यजीव कायद्यानं संरक्षित, त्यामुळे हौशी लोक एकमेकांकडून तुकडे घेऊन वाढवतात आणि त्या तुकड्यांची किंमत ऐकून माझा घास अडकला. त्यांचं पाणी पाकिटातल्या मिठाचं असणार, तेव्हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचे डबे त्यांना लागतील, फॉस्फेटही लागेल. माझ्या टाकीचा हिशेब त्यांना लागू नाही. एवढं मी सांगितलं. बाकी प्रत्येक वस्तूवर तो एक प्रश्न विचारत गेले. ती उत्तरं देत होती, तो फोनवर किमती पाहत होता, आणि जाताना त्यानं सांगितलं की सगळं असलेला संच सवलतीत आहे, तो काल रात्रीच मागवला. असो. संचात रिफ्रॅक्टोमीटर आहे, आणि तो शून्य अगदी बरोबर दाखवतो म्हणे. रविवारी तो घेऊन या म्हटलं आहे, पस्तीसची बाटली मी भरून ठेवते. फक्त मीटर आदल्या रात्रीच आणून द्या, म्हणजे दोन्ही एका खोलीत राहतील.